मेयरनं दिलेला गारवा

लुडिविना काबाकांगला मेयर तिबोयचं तोंड मुळातच बघवत नसे, आणि आता तेच तोंड दिवसभर तिच्या डोक्यावर टांगलेलं होतं. सांता क्रिस्पिनाच्या सरकारी दवाखान्यातल्या लॅबला मेयरनं एसी भेट दिला होता. खिडकीत बसवायचा, घरघर करणारा पांढरा खोका, आणि त्याच्या दर्शनी भागावर मेयरचा अंगठा वर केलेला हसरा फोटो. खाली लिहिलेलं, 'मेयर तिबोय बाल्दोनादो यांची प्रेमाची भेट'. गावातल्या अँब्युलन्सवर, बसथांब्यावर, गरिबांना फुकट मिळणाऱ्या शवपेट्यांवरसुद्धा हा माणूस असाच अंगठा दाखवत हसायचा. एकदा एका मयताच्या घरी जागरणाला बसलेली असताना लुडी बोलून गेली होती की मेलेल्याला कसला अंगठा दाखवतो हा मेला, आणि ते वाक्य कॉफी संपायच्या आत मेयरच्या कानावर गेलं होतं.

सगळं गाव तिला माना लुडी म्हणायचं, माना म्हणजे थोरली बहीण. पन्नाशीची, बुटकी, नखशिखांत नीटनेटकी आणि भलतीच तोंडाळ. सामार बेटावरची माणसं भांडणाला भितात असं कोणी म्हणणार नाही, पण माना लुडी बोलायला लागली की भलेभले चपला शोधायला लागत. गेल्या निवडणुकीत तिचा चुलतभाऊ एलियोदोरो तिबोयविरुद्ध उभा राहिला आणि थोडक्यात पडला, तेव्हापासून तर खुन्नस उघडच होती. लुडीची नोकरी पक्की होती. मेयर तिचं काही वाकडं करू शकत नव्हता, हे त्याला झोंबायचं, आणि ते त्याला झोंबतं हे बघून लुडीला बरं वाटायचं. तिला यातलं काही लपवायचं नव्हतं.

पण एसीचं भांडण निवडणुकीचं नव्हतं. निदान सुरू झालं तेव्हा तरी नव्हतं.

लॅब म्हणजे एकच खोली. एका टेबलावर लुडी क्षयाच्या संशयितांचे बेडके तपासायची. डबीतला बेडका झाडूच्या काडीनं उचलायचा, काचेवर पसरायचा, वाळवायचा, दिव्याच्या ज्योतीवरून फिरवायचा. हे करताना डोळ्याला न दिसणारे कण उडतात. म्हणून बसायचं ते वाहत्या हवेत. मागच्या दारातून वारा यावा, समोरच्या खिडक्यांतून निघून जावा, म्हणजे उडालेली घाण आपल्या नाकातोंडात न शिरता बाहेर उन्हात जाऊन मरते. लुडी इतकी वर्षं तशीच बसत आली होती आणि तिची छाती ठणठणीत होती. आता दोन खिडक्यांपैकी एका खिडकीत एसी बसला, आणि गारवा वाया जाऊ नये म्हणून दुसरीवर मेयरच्या माणसांनी प्लायवूड ठोकलं. दार बंद ठेवायचं फर्मान निघालं. आत कोंडलेली तीच ती हवा एसी गार करायचा आणि पुन्हा खोलीत फिरवायचा.

उद्घाटनाला पाद्री आला, पवित्र पाणी शिंपडून झालं, आणि मेयरच्या बायकोनं पान्सितचं भलंमोठं ताट आणून ठेवलं ते नेमकं बेडक्यांच्या टेबलावर. लुडीनं ते सगळ्यांदेखत उचललं आणि बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवलं. म्हणाली, इथे सकाळीच अर्ध्या गावाचा खोकला पसरलाय, इथे नूडल्स खायच्या असतील तर पुढच्या आठवड्यात डबी घेऊन रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. मेयरबाईंचा घास हातातच राहिला.

मेयर मात्र हसला. त्याचं हसू फोटोतलं आणि खरं असं वेगळं नव्हतंच.

"माना, हाच एसी एलियोदोरोनं दिला असता ना, तर तू त्याच्यावर चढून जेवली असतीस."

सगळे खो खो हसले. डॉक आर्नुल्फोही हसला. हा दवाखान्याचा मुख्य डॉक्टर, वाईट माणूस नव्हे, पण मेयरच्या धाकट्या मुलाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्यामुळे मेयर हसला की त्याला हसावंच लागे.

दुसऱ्या दिवशी लुडीनं डॉकला हाताला धरून लॅबमध्ये आणलं. डासांची कॉइल पेटवली आणि आपल्या टेबलावर ठेवली. धूर सरळ वर गेला, एसीच्या झोतात सापडला, छताला वळसा घालून खाली आला आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या टेबलावर उतरला. तिथे चारितो बसायची. रक्त, लघवी, साखर, ही कामं तिची. धूर तिच्या केसांभोवती रेंगाळला तशी ती हातानं वारत खोकली. लुडी म्हणाली, बघा डॉक, माझ्या टेबलावरून जे उडतं ते कुठे जातं ते डोळ्यांनी बघा.

डॉकनं बघितलं. चांगलं नीट बघितलं. मग कॉइल विझवली आणि म्हणाला, "लुडी, निवडणूक संपली आता."

लुडीच्या अंगाचा तिळपापड झाला. धुराला कुठला पक्ष असतो का, असं तिनं विचारलं, पण तोवर डॉकनं बाहेर पडून दार आठवणीनं लावून घेतलं होतं.

बरं, जिच्या डोक्यावर धूर उतरला तिला तरी काही वाटावं? चारितो वीस-बाविशीची पोर, नुकतं लग्न झालेली, कंत्राटावर लागलेली. दर सहा महिन्यांनी मेयरची सही झाली तर नोकरी, नाहीतर घर. नवरा रोनिलो तीनचाकी चालवायचा, गाडीचा परवानाही मेयरच्याच टेबलावरून निघायचा. आणि खरं सांगायचं तर तिला एसी आवडला होता. आधी उन्हाळ्यात घाम टपटप काचेवर पडायचा, आता ती केस मोकळे सोडून बसायची. "माना, जरा गार बसू द्या ना मला, आयुष्यात पहिल्यांदा बसतेय," असं ती म्हणाली तेव्हा लुडीनं तिला मूर्ख म्हटलं. वर हेही सुनावलं की गारठ्यात मासळी टिकते, फुप्फुसं टिकत नाहीत. तेव्हापासून दोघींत कामापुरतंच बोलणं राहिलं.

एका सकाळी लुडी घरून हातोडा आणि पहार घेऊन आली. चारितो दारातच थबकली. लुडीनं एसीचं बटण बंद केलं आणि प्लायवूड उपसायला लागली. लाकूड करकरत होतं, एकेक खिळा वाकडा होऊन निघत होता, आणि प्रत्येक खिळ्यागणिक लुडीला मेयरचा एकेक दात उपटल्यासारखं वाटत होतं. ती चक्क गुणगुणत होती. बाहेर रांगेतले पेशंट खिडकीपाशी जमले. फळी सुटली, उजेड आत आला, समुद्राकडचा वारा आला, आणि लुडी खिडकीत उभी राहून जमलेल्यांना म्हणाली की जा, सांगा तुमच्या मेयरला, त्याचा गारवा मी उन्हात वाळत घातलाय म्हणून. काही जण हसले. चारितो हसली नाही. तिला पुढचं दिसत होतं.

मेयरनं लुडीला एका शब्दानं छेडलं नाही. जूनमध्ये कंत्राटांची यादी लागली, त्यात दवाखान्यातल्या सगळ्यांची नावं होती, फक्त चारितोचं नव्हतं.

ती त्या संध्याकाळी लुडीच्या घरी आली. लुडी अंगणात कपडे गोळा करत होती. चारितो रडली नाही, आवाजही चढवला नाही, आणि तेच लुडीला जड गेलं.

"माना, तुमची नोकरी पक्की, म्हणून तुमची जीभ मोकळी. तुम्ही त्याला मारता आणि वळ माझ्या पाठीवर उठतात."

लुडी म्हणाली की मी हे तुझ्याच छातीसाठी केलं. चारितो म्हणाली की छाती नंतर बघू, आधी पोट. रोनिलोचा परवाना पुढच्या महिन्यात आहे. आज माझं नाव गेलं, उद्या त्याची गाडी जाईल. तुम्हाला माफी मागायला काय होतं? तुमच्या जिभेला कधी त्याची सवयच नाही, एवढंच ना?

लुडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपडे हातात घेऊन ती तशीच आत गेली. आणि सकाळी नगरपालिकेत मेयरच्या दारात जाऊन बसली.

त्यानं तिला मुद्दाम दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मग आत बोलावून कॉफी दिली आणि म्हणाला की माना, मला काही राग नाही, पण सोमवारी झेंडावंदनाला सगळा कर्मचारीवर्ग असतो, तिथे दोन शब्द बोल. खिडकी लाव. पोरीचा कागद मी त्याच दिवशी सही करतो. पोरीशी माझं काय वैर आहे?

सोमवारी झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, प्रार्थना झाली, आणि लुडी माइकपाशी गेली. इतकी वर्षं जिची जीभ कुणाला आवरली नाही ती आज नमणार, हे बघायला लोक फाटकाबाहेरही थांबले होते. ती म्हणाली की मेयरसाहेबांच्या एसीबद्दल मी वावगं बोलले, माझी चूक झाली, खिडकी मी स्वतःच्या हातानं बंद करीन. इथवर ठीक होतं. पण मेयर फोटोतल्यासारखा हसला आणि लुडीला राहवलं नाही.

"गारवा फार छान आहे," ती म्हणाली. "आमच्या जंतूंना तर इतका मानवलाय की ते आता घरी जायला तयार नाहीत."

मागच्या रांगांत हशा पिकला. मेयरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसू त्यानं जाऊ दिलं नाही, सहीही केली. लुडी आठवडाभर त्या वाक्यावर खूश होती. बाजारात मासळीवाल्यासुद्धा तिला ते पुन्हा म्हणायला लावत.

प्लायवूड तिनंच ठोकलं. चारितो स्टुलाशेजारी उभी राहून एकेक खिळा हातात देत होती. लुडीनं मनाशी ठरवलं होतं की बेडके पसरायचं काम आपण बाहेर पडवीत नेऊ, पण पावसाळा लागला, पडवीत पाणी यायला लागलं, ज्योत टिकेना, माशा बसायला लागल्या. तिनं टेबल पुन्हा आत घेतलं. चारितोला निदान नाकावर मास्क लाव म्हणून ती ओरडायची, पण ते सांगतानाही वर ऐकवायची, की तुझ्यासाठी मी त्या माकडापुढे वाकले आणि तुला एवढंसं फडकं जड होतं? हे वाकणं तिनं चारितोला इतक्या वेळा ऐकवलं, आणि चारितोसमोर इतरांना इतक्या वेळा सांगितलं, की पोरीला ते उपकाराचं ओझं मास्कपेक्षा जास्त गुदमरवायला लागलं. ती मास्क काढून ठेवायची. मुद्दाम, लुडीच्या डोळ्यांदेखत.

मृतांच्या सणाला सगळं गाव कबरी घासूनपुसून रंगवायला स्मशानात जमलं, तेव्हा लुडीला तो खोकला पहिल्यांदा ऐकू आला. दोन ओळी सोडून पलीकडे चारितो आजीच्या कबरीला चुना लावत होती. कोरडा, थांबून थांबून येणारा खोकला. लुडीनं आयुष्यभर तसले खोकले ऐकले होते. तिच्या हातातला ब्रश थांबला. चारितोनं तिच्याकडे बघितलं आणि चुना नाकात गेला असं म्हणून पाठ फिरवली.

चुना काही महिनाभर नाकात राहत नाही. पोरगी वाळायला लागली. गळ्याची हाडं दिसायला लागली. लुडीनं तिच्या टेबलावर रिकामी डबी ठेवली, सकाळचा पहिला बेडका आण म्हणाली. चारितोनं डबी कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी लुडीनं पुन्हा ठेवली. तीही गेली. चारितोला भीती कशाची होती ते लुडीला कळत होतं. डिसेंबरात सही होती, आणि खोकणारी बाई कोण कामावर ठेवणार. मग एका सकाळी चारितो नेहमीच्या वेळी आली नाही, तिची डबी तेवढी आली. रोनिलोनं आणून दिली, खाली मान घालून. रात्री तिच्या उशीला रक्त लागलं होतं.

लुडीनं काच तयार केली, रंग चढवला, धुतला, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, क्षयाचे जंतू. शोधाव्या लागल्या नाहीत. जिथे बघावं तिथे होत्या.

आणि खरं ते सांगायला हवं. त्या क्षणी तिच्या मनात पहिलं जे आलं ते दुःख नव्हतं. पहिलं आलं ते, बघ, मी सांगत होते. मेयरला, डॉकला, सगळ्या हसणाऱ्यांना आता दाखवते, असं एक गोड काहीतरी तिच्या छातीत उसळलं. डोळा मायक्रोस्कोपला, आणि ओठांवर चक्क हसू. मग तिला ते हसू आपल्याच तोंडावर जाणवलं. ही चारितोची काच होती.

तिनं डॉकला बोलावलं. डॉक बराच वेळ मायक्रोस्कोपमधून बघत राहिला. नाव विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं चश्मा काढून पुसला. मग हलक्या आवाजात, जवळजवळ विनवणी केल्यासारखं म्हणाला, "लुडी, याचं राजकारण करू नकोस."

एरवी तिनं त्याला तिथेच सोलून काढला असता. त्या दिवशी नाही, कारण माणूस चुकीचं बोलत नव्हता.

त्याच दुपारी डॉकनं प्लायवूड काढून टाकायला लावलं. मेयरला त्यानं कळवलं की लाकडाला वाळवी लागली होती. मेयरचं नाक शाबूत राहिलं आणि खिडकी उघडी राहिली, सगळं कसं बिनबोभाट पार पडलं. सहा महिने आधी वाळवी लागली असती तर काय बिघडलं असतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. लुडीनं स्वतःची तपासणी करून घेतली. तिच्यात काही निघालं नाही.

चारितोला सांगायला लुडीच गेली. चारितो घराबाहेर बाकावर बसली होती, शाल पांघरून, भर दुपारी. लुडीनं थोडक्यात सांगितलं. बरा होणारा आजार आहे, औषध फुकट आहे, सहा महिने न चुकता घ्यायचं, डिसेंबरची सही कशी होत नाही ते मी बघते. बोलता बोलता तिचा आवाज चढायला लागला, मेयरचं नाव तिच्या तोंडात यायला लागलं, मी त्याला सोडणार नाही, मी त्याला त्या माइकवरच...

"खूश झालीस ना?" चारितो म्हणाली.

आजवर ती लुडीशी कधी एकेरीत बोलली नव्हती.

"खिडकी उघडलीस ती त्याला चिडवायला. तू गाणं म्हणत होतीस, मी दारात उभी होते, मी ऐकलंय. मग लावलीस ती माझ्यावर उपकार करायला, आणि त्यातही माइकवर टाळ्या घेतल्यास. आता तुम्ही सगळ्यांनी पुन्हा उघडलीत. माझ्या छातीचा विचार कधी केलास, सांग ना? एकदा तरी?"

लुडीला म्हणायचं होतं की मी डासांची कॉइल लावून दाखवली होती, की मी डबी ठेवली होती, की मास्क लाव म्हणून घसा फोडला होता. हे सगळं खरं होतं. पण काचेवर डोळा लावून हसलेली बाईही खरी होती, आणि चारितोला ती न बघताच दिसली होती.

औषधाचा नियम असा की पेशंटनं रोजची गोळी कुणातरी आरोग्याच्या माणसासमोर गिळायची. बहुतेक जण शेजारची आरोग्यसेविका निवडतात, घराजवळचं बरं पडतं म्हणून. डॉकनं चारितोलाही तेच सुचवलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तिनं लुडीचं नाव दिलं. डॉकला वाटलं समेट झाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी ती आली. दवाखान्याच्या मागच्या अंगणात, उघड्यावर, दोन खुर्च्या समोरासमोर. लुडीनं गोळ्या आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. चारितोनं एकेक गोळी घेतली, सावकाश, आणि गिळताना नजर लुडीच्या तोंडावरून हलवली नाही. चार मोठ्या गोळ्या, घशाला खरवडत जाणाऱ्या. गिळून झाल्यावर तिनं तोंड उघडून दाखवलं, नियमच तसा आहे. लुडीनं बघितलं. बघणं भागच होतं.

"उद्या याच वेळी," चारितो म्हणाली. "सुटी घेऊ नकोस."

ती उठून गेली. मग आतून कोणीतरी हाक मारली, रांग वाढली होती, आणि लुडी ग्लास धुवायला उठली.